तीन अक्षरं आणि इंदूरचे कानडे

आमच्या घरात इंग्रजी चोरट्या मालासारखी राहत असे. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती येत नव्हती, आणि येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. नाना जकात खात्यात हेडक्लार्क होते. दरबारच्या काळात तिथलं सगळं काम हिंदीत चाले आणि त्यात नानांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे दरबार गेला, ग्वाल्हेर आणि इंदूर एका राज्यात आले आणि खात्यावर बाहेरून एक नवे साहेब येऊन बसले. त्यांना हिंदी बोलता येई, वाचायचा मात्र भारी कंटाळा. टिपणं इंग्रजीत ठेवत चला, असं ते एकदा सहज म्हणाले आणि आमच्या घराची सकाळच बदलली. माझा मोठा भाऊ वसंता तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होता. चहा झाला की नाना त्याला मधल्या खोलीत घेऊन बसत, दार लोटून घेत आणि हळू आवाजात मराठीतून सांगत. वसंता ते इंग्रजीत लिही. मग नाना तो कागद समोर ठेवून आपल्या वळणदार अक्षरात उतरवून काढत आणि वसंताचा कागद चुलीत जाई. तेवढा वेळ आई स्वयंपाकघरात लागतील त्याहून जास्त भांडी घासत असे, कारण दाना ओलीतल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, भिंतींना कान आहेत यावर तिचा ठाम विश्वास होता.

याहून मोठी काळजी खुर्चीची होती. दोन राज्यांची खाती एक झाली, पण माणसं दोन्हीकडची शिल्लक होती. जकात खात्याला ग्वाल्हेरचा एक हेडक्लार्क, म्हणजे नाना, आणि इंदूरचा एक, म्हणजे कुणी कानडे. खुर्ची एकच राहणार होती. ज्याला ती मिळणार नाही त्याने खालच्या जागेवर उतरून कालपर्यंत आपल्या हाताखाली असलेल्यांच्या ओळीत बसायचं. नाना हे बोलून दाखवत नसत, पण जेवताना भाताचा घास हातात धरून ते कुठेतरी बघत राहत, तेव्हा आम्हाला कळे की ते त्या ओळीत बसून आले आहेत. त्या वेळी राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. ऋतू पालटला की कपाटं, फाइली आणि माणसं इकडची तिकडे निघत. त्या हिवाळ्यात इंदूरची मंडळी ग्वाल्हेरला, आमच्या लष्कर भागात आली आणि त्यांना राहायला जागा पुरेना. ज्यांच्याकडे खोली असेल त्यांनी द्यावी, असं कचेरीत सांगण्यात आलं. नानांनी आपण होऊन कानड्यांचं नाव मागून घेतलं आणि आमची पुढची खोली त्यांना दिली.

आईने कपाळाला हात लावला. “त्यालाच कशाला घरात आणून राहिलात?”

“समोर असला की दिसतो,” नाना म्हणाले.

“आणि आपण त्याला दिसत नाही होय?”

यावर नानांनी पुढच्या आणि मधल्या खोलीमधल्या दाराच्या फटीत जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी कानडे आले. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि शेवेचा एवढा मोठा डबा. माणूस उंच, किडकिडीत, कायम हसल्यासारखा चेहरा. नाना म्हणाले, हसतोय बघ, याच्या पोटात काय आहे ते समजायचं नाही. आईचा राग मात्र त्या शेवेवर होता. तिने पहिल्या दिवशी मानाने ताट वाढून पाठवलं, तर कानड्यांनी वरणावर शेव घातली, भाजीवर शेव घातली आणि वर “वहिनी, क्या बात है!” अशी दाद दिली. आपल्या हातच्या गोड्या वरणावर शेव घालून मग त्याची तारीफ करणारा माणूस सरळ असूच शकत नाही, असं तिचं मत झालं.

मला ते आवडले, हे मी तेव्हाही लपवलं नाही. संध्याकाळी हजीरा भागातल्या गिरणीचा भोंगा व्हायचा, गल्लीत गजकवाल्याची हाक यायची, आणि थोड्या वेळाने कानडेकाका दारात दिसायचे. हातपाय धुऊन ते ओसरीवर मांडी घालून बसत आणि कोटाच्या खिशातून खडू काढत. जकातीच्या नाक्यावर तपासलेल्या पेट्यांवर खूण करायचा तो जाडा पांढरा खडू. फरशीवर ते इंग्रजी अक्षरं काढत, तीनच. मग म्हणत, “चला, ही तिन्ही ज्यात आहेत असा शब्द आणा. पुढे-मागे कशीही येऊ द्या, मध्ये बाकीची कितीही घुसू द्या. ज्याचा शब्द लांब, त्याला गजक.” दगडावर खडू करकरला की मी आणि वसंता हातातलं टाकून धावायचो. मी तेव्हा नुकती इंग्रजी शिकू लागले होते आणि मला लहान लहान शब्दच येत. जी, एन आणि डी दिले की मी “गार्डन!” म्हणून ओरडायची, आणि वसंता भिंतीला टेकून, डोळे मिटून, सावकाश “अंडरस्टँडिंग” म्हणायचा. “काका, ये तो एकदम आसान होतं,” वर हेही सांगायचा. गजक तोच जिंकायचा, पण कानडेकाका तुकडा मोडून अर्धा मला देत. तिळाचा तो कुरकुरीत तुकडा आणि थंडगार फरशी, त्या हिवाळ्याचं एवढं सुख मला अजून जसंच्या तसं आठवतं.

नाना हे सगळं मधल्या खोलीतून ऐकत. चिंध्या कोंबलेल्या दारामुळे त्यांना धड ऐकू येत नसे, त्यामुळे जेवताना माझी तपासणी होई. “आज कोणती दिली?” पहिल्या दिवशी मी म्हणाले, “जी, एन, डी.” नानांचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “गजानन नारायण दिघे.”

हे समजायला त्यांची कचेरी माहीत असायला हवी. नवे साहेब आल्यापासून तिथे कुणाला नावाने ओळखत नसत. कागद वरून खाली आला की त्याच्या कडेला तीन अक्षरं असत, आणि तीन अक्षरं म्हणजे माणूस. अमुक तीन अक्षरं रजेवर आहेत, तमुक तीन अक्षरं चिडली आहेत, असंच लोक बोलत. नानांना इंग्रजीतलं निर्धास्तपणे वाचता येई ते एवढंच, आणि ते त्यांना इतकं पक्कं बसलं होतं की कुठेही तीन अक्षरं दिसली की त्यांना त्यामागे टोपी घातलेला एक इसम उभा दिसे. दिघेसाहेब तर नानांचे खरे आधार. जुन्या दरबारातले, आमच्याकडे पुरणपोळीला येणारे, वरच्यांच्या कानात नानांबद्दल चांगलं घालणारे. कानड्याने पहिल्याच दिवशी नेमकी तीच अक्षरं का काढावीत? नानांनी लगेच ताडलं. पोरांपुढे दिघ्यांची अक्षरं टाकायची, मग पोरं सहज बोलून जातात, ‘हे तर आमच्याकडे येतात’. झालं, इंदूरवाल्याला आपला वशिला कळला.

“शब्द सांगायचा आणि गप्प बसायचं,” नानांनी आम्हाला बजावलं. “घरात कोण येतं, कोण जातं, सकाळी काय चालतं, एक अक्षर नाही. वसंता, तुलाही सांगून राहिलो.”

दुसऱ्या दिवशी एस, के, एम आली. मला “मिस्टेक” सुचला आणि मी त्या दिवशी जिंकले, म्हणून उड्या मारत आत जाऊन सांगितलं, तर नाना आईला म्हणाले, “सदाशिव कृष्ण मुळे. हिशेबातला. हा एकेकाची चौकशी करून राहिलाय.” पुढच्या संध्याकाळी आणखी कुणी तरी निघाला. कधी कधी अक्षरांचा माणूस सापडत नसे, तेव्हा नाना जास्तच अस्वस्थ होत. हा कोण नवा, आपल्याला माहीत नसलेला? आई सुरुवातीला हसायची. मग हळूहळू तिलाही ते लागलं. कानडे कचेरीत गेले असताना तिने त्यांची खोली झाडायच्या निमित्ताने नीट पाहून घेतली. धोतरं, डबा, दाढीचं सामान आणि बायकोचा एक फोटो. “फोटो आहे म्हणजे माणूस घरंदाज असेल,” ती म्हणाली. “फोटो कुणीही लावतं,” नाना म्हणाले.

आता वाटतं, त्या घरात खेळ एकच नव्हता. आम्ही बाहेर अक्षरांतून शब्द शोधत होतो आणि आत नाना त्याच अक्षरांतून माणसं शोधत होते, आणि दोघेही तितकेच रंगलेले होतो. माझी नात आजकाल मोबाइलवर असलाच काहीतरी खेळ खेळते. अक्षरं देतात, त्यांतून शब्द जुळवायचे. परवा तिने मला तीन अक्षरं दाखवली आणि मी पटकन विचारलं, “ही कोणाची गं?” ती वेड्यासारखी बघत राहिली. संशय हा असा अंगात मुरतो. तो आपला आहे की वारशाने आला आहे हेही कळत नाही.

हिवाळा सरत आला तसे नाना वाळले. साहेबांचा निर्णय राजधानी इंदूरला हलायच्या आधी होणार होता. सकाळी वसंताला सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक होई की वसंता वैतागून म्हणायचा, “नाना, जरा जोर से तो बोला, मला काही समजत नाहीये.” मग आई आणखी भांडी आपटायची. एखाद्या दिवशी कानडेकाका बाहेरून खोकले तरी नाना मध्येच थांबत. कानड्याला वसंताचं कळलं तर सगळं संपलं, हे ते आता उघड बोलू लागले होते. मुलाकडून टिपणं लिहून घेणाऱ्या माणसाला खुर्ची कोण देणार? आणि नुसती खुर्ची नव्हे, ज्या कचेरीत उभा जन्म मान वर करून काढला तिथे हसं होणार. मला त्यांची दया येई आणि रागही येई. दया त्यांच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची, आणि राग यासाठी की माझ्या गजकेवरही त्यांची नजर असे.

आणि मग ती संध्याकाळ आली. कानडेकाकांनी खडू काढला, थोडा विचार केला आणि मोठ्याने म्हणत फरशीवर मोठी मोठी तीन अक्षरं लिहिली. आर, जी, पी. मी “ग्रेप!” म्हणून ओरडले. वसंता भिंतीला टेकला आणि म्हणाला, “टेलिग्राफ.” मधल्या खोलीचं दार धाडकन उघडलं, चिंध्या खाली पडल्या आणि नाना बाहेर आले. रामचंद्र गोपाळ पिंपळखरे, स्वतः. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो सगळा फरशीवर ओतला आणि पायाने अक्षरं पुसून टाकली. पांढरं पाणी कानडेकाकांच्या धोतरापर्यंत गेलं.

“आज माझ्यापर्यंत आलात ना?” नाना ओरडले. “सगळ्यांची झाली, आता माझी. माझ्याच पोरांना माझ्याच ओसरीवर बसवून! काय काढायचंय ते मला विचारा ना, कानडेसाहेब. पोरांच्या तोंडून कशाला?”

कानडेकाका उठले. त्यांचा हसरा चेहरा पहिल्यांदाच गोंधळलेला दिसला. “काय काढायचंय, नानासाहेब? अक्षरं पाहिजेत म्हणून मी रोज येताना दारांवरच्या पाट्या वाचतो. गोरखीतल्या कचेरीपासून इथपर्यंत काही कमी पाट्या आहेत का? आज काही सुचलं नाही, म्हणून तुमच्याच दारावरची घेतली.”

आमच्या दारावर खरोखरच पाटी होती. नव्या साहेबांचं राज्य आल्यावर नानांनीच हौसेने इंग्रजीत रंगवून घेतलेली. दिघ्यांच्या आणि मुळ्यांच्या दारांवरही तशाच होत्या. म्हणजे नानांनी ओळखलेला प्रत्येक माणूस बरोबर होता. पण नानांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेना. “बरंय,” ते म्हणाले, “पाट्यांचं ठीक आहे. आणि याचं काय?” त्यांनी वसंताकडे बोट केलं. “रोज याची इंग्रजी मोजून राहिला आहात ती कशासाठी?” बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जे लपवायचं होतं ते त्यांनीच ओसरीवर मांडलं आहे. आई आत होती, तिने भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

कानडेकाकांनी ओलं धोतर पिळलं. मग अगदी सहज, पाण्याचं विचारावं तसं म्हणाले, “टिपणं वसंता लिहितो हे मला आल्या आल्या कळलं होतं, नानासाहेब. तुमच्या फाइली माझ्या टेबलावरूनच जातात. गाढवांवरच्या जकातीचं टिपण होतं आणि शेवटी लिहिलं होतं, मी आपल्या दीर्घायुष्यासाठी सदैव प्रार्थना करीन. शाळेत रजेचा अर्ज असाच शिकवतात. मीही तेच शिकलो.” वसंताचे कान लाल झाले. “पण छान लिहितो पोरगा. चूक नसते.”

“साहेबांना सांगितलंत?”

“नाही.”

“का नाही?”

कानडेकाकांना हा प्रश्नच समजला नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ते एकदा नानांकडे बघत, एकदा आमच्याकडे बघत उभे राहिले. “कशाला सांगायचं?” ते म्हणाले. नानांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी हळू, जवळजवळ विनवल्यासारखा. “नाही, पण का नाही सांगितलंत? काय पाहिजे तुम्हाला?” कानडेकाकांनी मान हलवली, पेटी भरली आणि सकाळी ते हजीऱ्याला कुणा ओळखीच्या माणसाकडे राहायला गेले. जाताना शेवेचा डबा आईला देऊन गेले. तिने तो उघडून वास घेतला, मग पुन्हा झाकण लावलं आणि बरेच दिवस कुणालाच हात लावू दिला नाही.

त्या दिवशी जेवताना ताक वाढून झालं तेव्हा नाना एकाएकी म्हणाले, “प्रोग्रेस.”

“काय?” आई दचकली.

“काही नाही. आर, जी, पी. प्रोग्रेस रिपोर्टमध्ये आहे ना.” वसंता हसला, मीही हसले. नाना आमच्याबरोबर खेळले ते एवढंच.

राजधानी हलायच्या आधी निर्णय झाला. खुर्ची नानांना मिळाली. कानडे इंदूरला परत गेले, तिथल्याच कुठल्याशा लहान जागेवर. दिघेसाहेब पेढे घ्यायला आले आणि सांगून गेले की कानड्याने साहेबांना स्वतःच म्हटलं होतं, पिंपळखरे जुने आहेत, त्यांना ठेवा. आईने देवापुढे साखर ठेवली. आता नाना सुखाने झोपतील असं मला वाटलं होतं. पण नानांनी दिघ्यांना दारापर्यंत पोचवलं, कडी लावली आणि आईकडे वळून म्हणाले, “बघितलंस? आता तो कानडे मागणार.”

काय मागणार, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ते जन्मभर वाट बघत राहिले. इंदूरचा कुणी माणूस कचेरीत आला की ते सावध होत. हा कानड्याचा निरोप घेऊन आलाय, या खात्रीने त्याच्याशी अर्धंच बोलत. वसंताच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की कानडे आपल्या मुलीचं स्थळ आणणार. कुणीतरी सांगितलं, त्यांना मूलबाळ नाही. तेव्हा तर नाना जास्तच घाबरले. म्हणजे काहीतरी मोठं मागणार. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, कचेरी भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर नानाही गेले. तिथेही पाटी लावताना त्यांनी रंगाऱ्याला पूर्ण नाव लिहायला लावलं. नुसती अक्षरं नकोत म्हणाले. कानड्यांकडून कधी काही मागणं आलं नाही. ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी नाना बराच वेळ पायऱ्यांवर बसून होते. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, “गेला. आणि सांगून नाही गेला.”

काही माणसांना उपकार पचत नाहीत हे मी पुढे खूप पाहिलं, पण माझ्या वडिलांइतकं उपकाराने कुरतडलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्ची गेली असती तर ते एकदाच खाली उतरले असते. ती मिळाली, आणि तिच्यावर ते एक दिवसही टेकून बसले नाहीत. कानडे खरोखर भले होते की त्यांना फक्त आपल्या बायकोजवळ इंदूरला राहायचं होतं, हे मलाही सांगता येणार नाही. मला भले वाटतात, एवढंच. नानांचा मला राग येई, आणि तो त्यांच्या म्हातारपणीही पुरता गेला नाही, हे लिहून ठेवते.

शेवटी शेवटी ते अंथरुणाला खिळले होते आणि मी सेवेला भोपाळला जाऊन राहिले होते. बोलणं बरंचसं असंबद्ध झालेलं, वसंताला दिघे म्हणायचे, मला आई. एका दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते, तेव्हा मात्र डोळे एकदम स्वच्छ झाले. “कुमू,” ते म्हणाले, “त्याला काय पाहिजे होतं गं?”

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं मी हा प्रश्न टाळला होता. त्या दिवशी मला त्यांची फार माया आली. मी चमचा बाजूला ठेवला, त्यांचा हात हातात घेतला आणि जे मला खरं वाटत होतं ते सांगितलं. “काही नको होतं, नाना. त्यांना आपण आवडलो होतो. बस, एवढंच.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. चेहरा सैल पडेल, डोळे मिटतील, असं मला वाटत होतं. पण ते डोळे बारीक झाले. ओसरीवर त्या संध्याकाळी कानडेकाकांकडे ज्या नजरेने त्यांनी पाहिलं होतं त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपला हात माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

“तुला काय दिलं होतं त्याने?” त्यांनी विचारलं.